सूत्रधाराच्या तोंडचं गाणं पात्रांना देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर

दिवाळी झाली, धान घरी आलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत नाटकांचा सीझन सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, रात्री मंडपात नाटक. ते पहाटेपर्यंत चालतं आणि गाण्यांशिवाय तर चालतच नाही. ऑर्गन, तबला तिथेच वाजत असतो आणि नाटकातली पात्रंच गात असतात.

दंडारीसारखे गाण्याचे खेळ या भागाचे स्वतःचे आहेत. पण अंकांत बांधलेलं, लिहिलेलं संगीत नाटक मराठीत रुजलं ते एका सरकारी नोकरामुळे. त्यांचं नाव बळवंत पांडुरंग, म्हणजेच अण्णासाहेब किर्लोस्कर.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा, आजच्या कर्नाटकातल्या गुर्लहोसूरचा. योगायोग बघा, त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. भाव्यांच्या नाटकात गायचा तो सूत्रधार. तो पदांतून गोष्ट सांगायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. पुढची काही दशकं नाटक बरंचसं असंच चालत राहिलं.

१८८० मध्ये अण्णासाहेब पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत कामाला होते. तिथे त्यांनी एका पारशी कंपनीचं ‘इंद्रसभा’ पाहिलं आणि असं मराठीत का नको, हे डोक्यात बसलं, असं सांगितलं जातं. त्यांनी थेट कालिदासाचं ‘शाकुंतल’ हाती घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. दुष्यंत झालेले मोरोबा वाघोलीकर आणि कण्व झालेले बाळकोबा नाटेकर स्वतः गात होते. सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी असा प्रयत्न थोडा आधी केला होता, पण लोकांना वेड लागलं ते शाकुंतलचं.

तरी ती गोष्ट कालिदासाची होती. अण्णासाहेबांची स्वतःची करामत दिसते ती ‘सौभद्र’मध्ये. १८ नोव्हेंबर १८८२ ला त्याचे पहिले तीन अंक झाले, पाचही अंक पुढच्या वर्षी. बलराम बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवतो, तिचं मन अर्जुनावर आणि कृष्ण गुपचूप सगळी सूत्रं हलवतो. वाचताना ही द्वारका कमी आणि लग्नघर जास्त वाटतं. रुसवेफुगवे, थोरल्या भावाचा हट्ट, सगळं ओळखीचं. चालीही लोकांच्या कानातल्याच होत्या. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणी, कानडी पदं. शास्त्रीय गाणं न कळणाऱ्यालाही ते आपलं वाटलं यात नवल नाही. सुभद्रा झाले होते बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर. स्त्रियांच्या भूमिका तेव्हा पुरुषच करायचे आणि भाऊरावांच्या आवाजासाठी लोक गर्दी करायचे.

१८८४ मध्ये ‘रामराज्यवियोग’ आलं, तेही तीन अंकांपुरतं. बाकीचं लिहायचं राहूनच गेलं. २ नोव्हेंबर १८८५ ला गुर्लहोसूरला अण्णासाहेब वारले, तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. शाकुंतलच्या पहिल्या प्रयोगाला ५ वर्षं आणि २ दिवस झाले होते.

कंपनी मात्र बंद पडली नाही. भाऊरावांसारख्या नटांनी ती पुढे नेली आणि १९०५ मध्ये तिथे एक कोवळा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व.