बगदाद ते पुणे : डेव्हिड ससून यांची जीवनयात्रा

पुण्याच्या लष्कर भागात लाल विटांचे एक सिनेगॉग उभे आहे. सुमारे ९० फूट उंच मनोरा असलेली ही वास्तू 'ओहेल डेव्हिड' या नावाने ओळखली जाते. पुणेकर मात्र तिला 'लाल देऊळ' म्हणतात. याच वास्तूच्या आवारात डेव्हिड ससून यांची समाधी आहे. बगदादहून परागंदा होऊन आलेल्या या व्यापाऱ्याच्या कुटुंबाचा पुढील शंभर वर्षांचा प्रवास कागदपत्रांइतकाच जुन्या छायाचित्रांतून आणि थडग्यांतूनही उलगडतो.

ज्यू थडग्यांवर मृताच्या नावापुढे पित्याचे नाव कोरण्याची प्रथा आहे. 'बेन' या हिब्रू शब्दाचा अर्थ पुत्र. त्यामुळे एका शिळेवरून मागील पिढीचा माग काढता येतो. ससून हे आडनावही असेच सिद्ध झाले आहे. डेव्हिड यांचे वडील ससून बेन सालेह हे बगदादच्या पाशांचे खजिनदार व तेथील ज्यू समाजाचे प्रमुख होते. पित्याचे हे नाव मुलाने आडनाव म्हणून लावले आणि पुढे तेच जगभर प्रसिद्ध झाले.

डेव्हिड यांचा जन्म १७९२ मध्ये बगदाद येथे झाला. दाऊद पाशाच्या राजवटीत ज्यू समाजाचा छळ सुरू झाल्यावर या कुटुंबाला शहर सोडावे लागले. इराणच्या किनाऱ्यावरील बुशेर बंदरात त्यांनी आश्रय घेतला. तेथेच १८३० मध्ये वृद्ध पित्याचे निधन झाले. त्यानंतर १८३२ च्या सुमारास डेव्हिड सहकुटुंब मुंबईत दाखल झाले. त्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती.

मुंबईत ज्यू समाज नवा नव्हता. कोकणातून आलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल तेथे आधीपासून राहत होते. मात्र बगदादी मंडळी त्यांच्यापासून अंतर राखून असत. १८३६ मध्ये बगदादी समाजातील प्रमुखांनी सामाईक दफनभूमीत दोन्ही समाजांच्या थडग्यांमध्ये भिंत बांधण्याची मागणी सरकारकडे केली होती. स्वतः आश्रयासाठी आलेल्या समाजाने मृतांमध्येही भेद करू पाहावा, ही या इतिहासाची एक बोचरी बाजू आहे.

दुसरी बाजू व्यापाराची. कापूस, सूत व कापड यांच्या जोडीने डेव्हिड ससून यांच्या पेढीने चीनशी अफूचा व्यापार केला. पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ मध्ये चीनची बंदरे परकीय व्यापाऱ्यांसाठी खुली झाली आणि १८४४ मध्ये डेव्हिड यांनी आपला दुसरा मुलगा इलियास याला चीनला धाडले. त्या काळी ब्रिटिश भारतात हा व्यापार कायदेशीर असला, तरी त्याने चीनमधील असंख्य कुटुंबांची धूळधाण केली. मुंबई व पुण्यात रुग्णालय, ग्रंथालय आणि प्रार्थनास्थळे उभारणाऱ्या दानाचा विचार करताना या संपत्तीचा उगम विसरता येत नाही.

१८५३ मध्ये डेव्हिड यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. इंग्रजी येत नसल्याने त्यांनी हिब्रूमध्ये स्वाक्षरी केली. १८५० च्या दशकातील एक छायाचित्र या कुटुंबाचे संक्रमण नेमके टिपते. त्यात डेव्हिड बसलेले असून त्यांचे तीन मुलगे सोबत आहेत. पिता आणि अब्दुल्ला व इलियास हे थोरले मुलगे पौर्वात्य पोशाखात दिसतात, तर मुंबईत जन्मलेला ससून डेव्हिड हा मुलगा इंग्रजी कोटात आहे. १८५८ मध्ये लंडनला स्थायिक होणारा कुटुंबातील पहिला सदस्य तोच होता. पहिल्या महायुद्धावरील कवितांमुळे प्रसिद्ध झालेले कवी सिगफ्रिड ससून हे त्याचे नातू. त्यांनी उत्तरायुष्यात कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्यांचे थडगे इंग्लंडमधील मेल्स या खेड्यातील चर्चच्या आवारात आहे.

नोव्हेंबर १८६४ मध्ये डेव्हिड ससून यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या देणगीतून उभारले जाणारे रुग्णालय आणि ओहेल डेव्हिड सिनेगॉग यांचे काम तेव्हा अपूर्ण होते. दोन्ही वास्तू १८६७ मध्ये पूर्ण झाल्या.

पुढील पिढीची थडगी मात्र दूरदूर विखुरली. इलियास यांचा मुलगा जोसेफ १८६८ मध्ये शांघायला मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ इलियास यांनी मुंबईत चिंचपोकळी येथे ज्यू दफनभूमीसाठी जागा दिली. इलियास यांचे निधन १८८० मध्ये कोलंबो येथे झाले.

अब्दुल्ला यांनी अल्बर्ट हे नाव धारण केले. मुंबईतील ससून गोदी त्यांनीच १८७५ मध्ये बांधली. इंग्लंडला गेल्यावर ते राजघराण्याच्या वर्तुळात वावरू लागले व १८९० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. ब्रायटन येथे त्यांनी स्वतःसाठी घुमटाची भव्य समाधी बांधून घेतली आणि १८९६ मध्ये तेथे त्यांचे दफन झाले. मात्र १९३३ मध्ये त्यांचे नातू फिलिप यांनी ती वास्तू विकली व अवशेष लंडनच्या विल्सडेन भागातील दफनभूमीत हलवण्यात आले. पुढे त्या घुमटाखाली 'बॉम्बे बार' नावाचे मद्यालय सुरू झाले. फिलिप हे ब्रिटनचे मंत्री होते. १९३९ मध्ये त्यांच्या निधनानंतर दहन करून रक्षा विमानातून त्यांच्या मालमत्तेवर विखुरण्यात आली. ते अविवाहित असल्याने बॅरोनेट किताबही त्यांच्याबरोबर संपला.

ज्याला इंग्रजी येत नव्हते आणि ज्याने अखेरपर्यंत बगदादी वेश सोडला नाही, त्या पहिल्या स्थलांतरिताची समाधी मात्र दीडशेहून अधिक वर्षे पुण्यातच आहे. तेथून काही अंतरावर त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय आजही गोरगरिबांचा आधार आहे. आपल्या माणसाला ससूनला न्यायचे आहे, असे पुण्यातील एखादा नातेवाईक घाईने सांगतो, तेव्हा बुशेर येथे परागंदा अवस्थेत मरण पावलेल्या एका बगदादी खजिनदाराचे नाव त्याच्या तोंडी असते.