दीड दिवसाची शाळा, ३५ कादंबऱ्या : गिरणी कामगार अण्णाभाऊ साठे

कामरेज (सुरत) : गाव सोडायचं, कापडाच्या कारखान्यात राबायचं, दाटीच्या वस्तीत संसार मांडायचा, हे सुरत, उधना, लिंबायत भागातल्या खानदेशी कुटुंबांना नवीन नाही. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे याच वाटेनं गेले. फरक इतकाच, की हे जगणं त्यांनी साहित्यात आणलं.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोटासाठी कुटुंब पायी मुंबईला आलं. अण्णाभाऊंनी हमाली केली, मिळेल ते काम केलं, पुढे गिरणीत लागले. दुकानांच्या पाट्या अन् पोस्टर वाचत वाचत अक्षर ओळख वाढवली.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशातल्या राजा-राणीच्या जागी कामगार, शेतकरी अन् सावकार आले. सरकारी बंदी आली, तरी कलापथक थांबलं नाही. तमाशाचं लोकनाट्य झालं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घराघरात पोचली. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरणारा मुंबईचा कामगार तिच्यात आहे, अन् बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावही आहेत. १ मे १९६० ला डांग, उंबरगाव गुजरातेत राहिले. म्हणूनच सीमेवरच्या मराठी माणसाला ती आजही आपली वाटते.

१९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. १९५९ ला 'फकिरा' आली, १९६१ मध्ये तिला राज्य पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. सुमारे ३५ कादंबऱ्या लिहिल्या, काहींवर सिनेमेही निघाले.

तरी गरिबी हटली नाही. बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच गेली. प्रस्थापित समीक्षकांनीही त्यांची फारशी दखल घेतली नाही. आडवी जात होती, तसा वर्गही होता. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले.

पुढे २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. मान मिळाला, पण उशिरा. आज मागावर राबणाऱ्याचं पोरगं लिहायला बसलं, तर त्याला पुतळ्याआधी दोन वेळची भाकर अन् निवांत जागा लागेल. ती जिवंतपणीच मिळायला हवी.