विल्यम केरीसाहेबांची लेखणी

आपल्या मंडळ्यांत लिहूं-वाचूं शकणारे तरुण आहेत, ही देवाची मोठी कृपा होय. कोणी भजन रचितो, कोणी आपली साक्ष लिहून काढितो, कोणी गांवच्या मुलांसाठीं गोष्ट लिहितो. परंतु एखादा लेख परत आला, किंवा कोणी त्यांत चार चुका दाखविल्या, कीं पुष्कळांच्या हातची लेखणी जी गळून पडते ती पुन्हा उचलली जात नाहीं. अशा बंधुभगिनींनीं विल्यम केरीसाहेबांचें चरित्र अवश्य लक्षांत घ्यावें. त्यांच्या मिशनकार्याविषयीं पुष्कळ सांगण्यांत येतें. येथें त्यांच्या लेखनाची हकीकत देत आहों.

केरीसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत झाला. बाप विणकर होता व पुढें तो गांवच्या शाळेचा पंतोजी झाला. घरची गरिबी असल्यामुळें विल्यमला लहानपणींच चांभाराच्या हाताखालीं जोडे शिवण्याचें काम शिकावें लागलें. मालकाच्या दुकानांत नव्या कराराची एक टीका पडलेली होती. तींतील ग्रीक अक्षरें मुलाला वाचतां येईनात. त्यानें तीं कागदावर उतरून घेतलीं व गांवांतील एका शिकलेल्या विणकराकडे नेऊन त्यांचा अर्थ विचारला. हा त्यांच्या विद्येचा आरंभ. आरी आणि पुस्तक हीं दोन्हीं त्यांच्या हातीं पुष्कळ वर्षें बरोबरच राहिलीं.

पुढें ते मोल्टन गांवीं पाळक व शिक्षक झाले. सर्व जगाला शुभवर्तमान सांगणें हें मंडळीचें कर्तव्य आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें. हा विचार नुसता बोलून न ठेवितां त्यांनीं तो लिहून काढण्याचें ठरविलें. देशोदेशींची लांबी-रुंदी, लोकसंख्या व धर्म यांची माहिती त्यांनीं मिळेल त्या पुस्तकांतून वेंचून कोष्टकांत मांडिली. तें हस्तलिखित कित्येक वर्षें घरींच पडून होतें, कारण छपाईला पैसा नव्हता. अखेर बर्मिंगहॅम येथील एका ख्रिस्ती गृहस्थानें दहा पौंड दिले आणि 1792 सालीं लेस्टर शहरीं तें पुस्तक निघालें. तें अवघें 87 पानांचें होतें. त्याच वर्षीं 2 ऑक्टोबर रोजीं केटरिंग येथें बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पुस्तक लहान होतें. पण त्यांतील एकेक आंकडा श्रम करून मिळविलेला होता, म्हणून त्याला वजन आलें.

1793 च्या नोव्हेंबरांत केरीसाहेब बायकामुलांसह बंगाल्यांत उतरले. पोटासाठीं त्यांनीं मदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर काम धरिलें. तेथें त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला व पत्नी डॉरथीबाई यांचें चित्त भ्रमिष्ट झालें. त्या दुखण्यांतून ती माउली 1807 सालीं मरेपर्यंत उठली नाहीं. शेजारच्या खोलींत हें दुःख चाललें असतां ते मुनशी रामराम बसु यांजबरोबर बसून नव्या कराराचें बंगाली भाषांतर करीत. या कार्याची किंमत त्या घरानें भरली, आणि त्यांत त्या बाईचा वांटा लहान नव्हता, हें आपण विसरूं नये.

1800 सालीं ते श्रीरामपुरास आले. तेथें वॉर्डसाहेब छापण्याचें काम पाहूं लागले, मार्शमनसाहेबांनीं शाळा चालविल्या व पंचानन कर्मकार या कुशल कारागिरानें खिळ्यांचे ठसे कोरून दिले. 1801 च्या आरंभीं बंगाली नवा करार छापून झाला. एखादा लेखक येथेंच कृतार्थ होऊन थांबला असता. परंतु लोकांना तें बंगाली नीट समजत नाहीं व वाक्यरचना परकी वाटते, हें केरीसाहेबांच्या ध्यानांत आलें. त्याचा विषाद न मानितां त्यांनीं पंडितांस जवळ बसवून सर्व भाषांतर पुन्हा तपासलें, आणि 1806 सालीं दुसरी आवृत्ति निघाली ती बहुतेक नवी होऊनच निघाली. असें करीत करीत 1832 सालीं त्याच ग्रंथाची आठवी आवृत्ति निघाली.

भाषा सुधारण्यासाठीं ते केवळ ग्रंथांवर विसंबले नाहींत. 1801 सालीं त्यांनीं बंगाली संवादांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत मजूर, कोळी, भांडणाऱ्या बायका यांचें रोजचें बोलणें जसेंच्या तसें दिलें आहे. बाजारांत उभें राहून ज्यानें कान दिला नाहीं, त्याला असें लिहितां येत नाहीं.

आपल्या मराठीवरही त्यांचें ऋण आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली व संस्कृताबरोबर पुढें मराठीही शिकवूं लागले. नागपूरकडील पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें त्यांनीं 1805 सालीं मराठीचें व्याकरण व 1810 सालीं मोडी ठशांचा मराठी कोश छापला. 1811 सालीं मराठी नवा करार निघाला. पण ती भाषा आपल्या पश्चिमेकडील लोकांस नीट उमजेना, म्हणून मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं निराळें भाषांतर करून 1826 सालीं नवा करार छापला. यांत केरीसाहेबांस कमीपणा नाहीं. पहिल्यानें वाट पाडली, दुसऱ्यानें ती रुंद केली.

आतां सर्वांत कठीण प्रसंग. 11 मार्च 1812 रोजीं संध्याकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. हजारांहून अधिक रीम कागद, अनेक लिप्यांचे खिळे व पुष्कळ हस्तलिखितें जळून गेलीं. त्यांत तेलुगु व पंजाबी व्याकरणें होतीं, आणि संस्कृतावरून अनेक देशी भाषांचा जो महाकोश केरीसाहेब वर्षानुवर्षें रचीत होते तोही होता. केरीसाहेब त्या वेळीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं मार्शमनसाहेबांनीं त्यांस ही वार्ता सांगितली.

परत येऊन त्यांनीं ती राख पाहिली. पुढल्या रविवारीं त्यांनीं सेहेचाळिसाव्या स्तोत्रावरून उपदेश केला आणि देवाचें सार्वभौमत्व व आपला नम्रभाव यांविषयीं सांगितलें. मग कामास लागले. छापण्याचीं यंत्रें बाजूच्या खोलींत असल्यानें वांचलीं होतीं. पोलादी ठसे राखेंत सांपडले. वितळलेल्या धातूचे पुन्हा खिळे ओतण्यांत आले. एकदां चाललेला रस्ता दुसऱ्यानें अधिक नीट चालतां येतो, अशी त्यांची समजूत होती. पंजाबी व्याकरण त्याच वर्षीं व तेलुगु व्याकरण 1814 सालीं निघालें. महाकोश मात्र पुन्हा कधींच झाला नाहीं. भक्तालाही सर्व कांहीं परत मिळतें असें नाहीं. जें हातीं राहतें त्यानें सेवा करावयाची असते.

1818 सालीं श्रीरामपुराहून समाचार दर्पण हें बंगाली साप्ताहिक निघालें. 9 जून 1834 रोजीं केरीसाहेब प्रभूजवळ गेले. तोंपर्यंत पवित्र शास्त्र, सबंध किंवा अंशतः, सुमारें चाळीस भाषांत त्या छापखान्यांतून निघालें होतें.

वाचकहो, सर्वांस केरीसाहेबांची बुद्धि दिलेली नाहीं. परंतु त्यांची रीत आपणांपैकीं कोणासही धरितां येईल. लिहिण्यापूर्वीं माहिती गोळा करा. आपल्या गांवचें बोलणें ऐका. लिहिलेलें जाणत्या माणसास वाचून दाखवा व तो चूक सांगेल ती उपकार म्हणून घ्या. लेख परत आला तर तो फाडूं नका; पुन्हा लिहा. ज्या प्रभूनें बोलावयास तोंड दिलें, त्यानेंच ही लेखणीही दिली आहे. तिचा हिशेब आपणांस त्याच्यापुढें द्यावा लागेल.