मोनेंचा मोतीबिंदू

आमच्या सासूबाई डाळीतले खडे बोटांनी चाचपून काढायला लागल्या, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. पण ऑपरेशनचं नाव काढलं की आता या वयात कशाला, हे ठरलेलं! मग मी त्यांना क्लोद मोने यांची गोष्ट सांगितली.

मोने फ्रान्सचे मोठे चित्रकार, जन्म १८४०चा. जिव्हेर्नीच्या आपल्या बागेतली कमळं त्यांनी वर्षानुवर्षं रंगवली. १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं. ऑपरेशनच्या धास्तीनं त्यांनी दहा वर्षं टाळाटाळ केली. रंग मळकट दिसू लागले, तेव्हा ट्यूबवरची नावं वाचून काम चालवलं. शेवटी मित्र क्लेमांसो, फ्रान्सचे माजी पंतप्रधान आणि मुळचे डॉक्टर, हात धुऊन मागे लागले. १९२३ मध्ये, ८२व्या वर्षी, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. कित्येक दिवस डोकं न हलवता पडून राहायचं. जाड चष्म्यातून सगळं निळं, वेडंवाकडं दिसे. मोने जाम वैतागले, दुसऱ्या डोळ्याला हात लावू दिला नाही. पण पुढे योग्य चष्मा मिळाला आणि कमळांची ती भव्य चित्रं त्यांनी पुन्हा हाती घेतली. १९२६ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी ती चित्रं पॅरिसच्या ओरांजरीत लोकांसाठी मांडली गेली.

आज बहुतेकांना भिंग बसवून त्याच दिवशी घरी सोडतात. मैत्रिणींनो, मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका, आधीच डॉक्टरांना दाखवा.

सासूबाई तयार झाल्या. पट्टी सुटल्यावर त्यांना पहिल्यांदा काय दिसलं? माझे पांढरे केस!