गॅरेजमध्ये ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात, तो गाडीत बसवणाऱ्या चार्ल्स केटरिंगची गोष्ट

चावी फिरवली की खर्रर्र आवाज येतो आणि गाडी सुरू होते. ज्या दिवशी नुसतं ‘टक’ होतं आणि पुढे काहीच होत नाही, त्या दिवशी मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि सांगतो की सेल्फ गेलाय.

हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. बोलता बोलता मागचा स्टार्टर गळून पडला आणि सेल्फ तेवढा राहिला.

जुनी अँबॅसेडर किंवा जीप ज्यांच्या घरी होती त्यांना आठवत असेल. बॅटरी उतरली की समोरून लोखंडी हँडल घालायचं आणि जोर लावून फिरवायचं. आपल्याकडे ती अडचणीच्या वेळची सोय होती. 1910 च्या आसपास अमेरिकेत मात्र जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीला रोज, प्रत्येक वेळी हेच करावं लागायचं.

त्यात नुसते कष्ट नव्हते, धोकाही होता. हँडल फिरवण्याआधी इंजिनाची ठिणगी ‘उशिरा’ पडेल अशी लावून ठेवावी लागे. ते विसरलं की पिस्टन वर पोचण्याआधीच पेट्रोल पेट घ्यायचं, इंजिन उलटं फिरायचं आणि ते हँडल माणसाच्या हातावर आदळायचं. मनगट मोडणं ही नेहमीची गोष्ट होती. म्हणून अनुभवी लोक अंगठा हँडलभोवती गुंडाळत नसत, तो बोटांच्याच बाजूला ठेवत.

हे हँडल घालवलं चार्ल्स केटरिंगने.

29 ऑगस्ट 1876 रोजी ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळ, एका शेतकऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. पोरगा हुशार, पण डोळे अधू. वाचायला बसला की डोकं ठणकायचं. काही काळ त्याने शाळेत शिकवलं. मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला, तर डोळ्यांमुळे शिक्षण मध्येच सोडावं लागलं. त्या काळात तो टेलिफोनच्या लाइनवर कामाला लागला, खांबांसाठी खड्डे खणण्यापासून सुरुवात केली. पुढे परत कॉलेजात आला आणि 1904 मध्ये पदवी घेतली. तेव्हा त्याचं वय अठ्ठावीसला टेकलं होतं.

नोकरी लागली डेटन शहरात, दुकानांचे गल्ले बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. आणि सगळी गोष्ट इथेच फिरते.

त्या काळी गल्ल्यालाही हँडलच असायचं. ते फिरवलं की हिशेब नोंदला जाऊन खण उघडे. केटरिंगने तिथे विजेची छोटी मोटर बसवली. आता गल्ला काही दिवसभर फिरत नसतो, एका गिऱ्हाइकामागे क्षणभरच फिरतो. मग दिवसभर चालेल अशी मोठी मोटर कशाला? छोट्या मोटरला क्षणभर तिच्या ताकदीबाहेर राबवायचं आणि लगेच थांबवायचं. तापायच्या आत काम झालेलं असतं. साधी गोष्ट वाटते, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

नोकरी सांभाळून तो आणि त्याचा सहकारी एडवर्ड डीड्स रात्री डीड्सच्या घरामागच्या कोठारात मोटारींसाठी प्रयोग करू लागले. त्यांनी केलेली बॅटरीवरची इग्निशन यंत्रणा कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँडला आवडली, मोठी ऑर्डर मिळाली आणि 1909 मध्ये डेल्को कंपनी उभी राहिली.

इथे एक किस्सा नेहमी सांगितला जातो. लेलँडचा मित्र बायरन कार्टर कुणाची तरी बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेला, हँडल उसळून त्याच्या जबड्यावर बसलं आणि त्यातच तो गेला. त्या दुःखातून लेलँडने केटरिंगला स्टार्टर बनवायला सांगितलं. गोष्ट भारी आहे, पण तारखा जुळत नाहीत. कार्टर 1908 मध्येच वारला होता आणि स्टार्टरचं काम सुरू झालं 1910 च्या शेवटी. अर्थात, हँडलने माणसं जखमी होत होती आणि लेलँडला त्याची चीड होती, यात शंका नाही.

विजेवर इंजिन फिरवायचा प्रयत्न आधीही झाला होता. अडचण एकच होती. तेवढं जड इंजिन फिरवायचं तर मोटर प्रचंड लागणार, तिला बॅटरीही तशीच लागणार. मग गाडीत माणसं बसणार कुठे? केटरिंगला गल्ला आठवला. इंजिन तरी किती वेळ फिरवायचंय? काही सेकंद. मग छोटी मोटर घ्यायची, तिला दात्यांची जोड देऊन ताकद वाढवायची आणि ते काही सेकंद तिला बेफाम राबवायचं.

फेब्रुवारी 1911 मध्ये त्याची यंत्रणा कॅडिलॅकच्या गाडीत चालून दाखवली गेली आणि 1912 च्या मॉडेलमध्ये ती बसून आली. त्यातली हुशारी अशी, की इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची आणि त्याच विजेवर दिवे लागायचे. सुरू करताना 24 व्होल्ट, चार्ज करताना 6 व्होल्ट. गाडी चालवायला मनगटात जोर हवा ही अट गेली आणि एकट्या बाईलाही पेट्रोलची गाडी नेता येऊ लागली. विजेच्या गाड्यांची मोठी जमेची बाजू हीच होती की त्यांना हँडल नव्हतं. तीही गेली.

पुढे डेल्को जनरल मोटर्समध्ये गेली आणि 1920 पासून 1947 पर्यंत केटरिंग तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता. लोक त्याला ‘बॉस केट’ म्हणत. तांब्याच्या पात्यांनी हवेवर थंड होणारं त्याचं इंजिन 1923 मध्ये सपशेल आपटलं, शेवरोलेला विकलेल्या गाड्या परत मागवाव्या लागल्या. रेल्वेच्या डिझेल इंजिनांचं काम मात्र जमलं.

आता या आयुष्यातली काळी बाजू. इंजिनं ‘नॉकिंग’ करतात, म्हणजे आतून ठोकल्यासारखा आवाज करतात, याचा दोष लोक केटरिंगच्या इग्निशनला देत. त्याला ते झोंबलं. त्याने थॉमस मिजली या सहकाऱ्याला कामाला लावलं आणि डिसेंबर 1921 मध्ये उपाय सापडला. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायचं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. 1924 मध्ये न्यू जर्सीच्या एका कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. हे पेट्रोल विकायला त्याच वर्षी काढलेल्या एथिल कंपनीचा पहिला अध्यक्ष होता केटरिंग. विक्री काही काळ थांबली, मग पुन्हा सुरू झाली. भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, 2021.

त्याच केटरिंगच्या नावाने 1945 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची स्लोन-केटरिंग संस्था उभी राहिली. 25 नोव्हेंबर 1958 रोजी डेटनमध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या नावावर 180 हून जास्त पेटंट होती.

त्याची छोट्या मोटरची कल्पना मात्र अजून लहानच होत चालली आहे. मधल्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत मोटरचा दांडा थेट फ्लायव्हीलला भिडायचा, त्यामुळे मोटर जाड आणि जड असे. नव्या सेल्फमध्ये छोटी मोटर खूप वेगात फिरते आणि आतल्याच गिअरमधून वेग कमी करून ताकद वाढवते. वजन बऱ्याचदा निम्म्यावर येतं, करंटही कमी ओढला जातो. म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन मूळचा जड सेल्फ काढून हा हलका बसवतात. पण बोल्टची भोकं जुळली एवढ्यावर जायचं नाही. फिरायची दिशा, पिनियनच्या दात्यांची संख्या आणि जाडी, सोलेनॉइडची वायरिंग, सगळं ताडून बघावं लागतं. दाते चुकीचे असतील तर ते फ्लायव्हीलवरचा रिंग गिअर खातात, आणि तो बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.