पंखांचं टपाल

डिसेंबरची सकाळ आहे, असं समजा. तुम्ही आयर्लंडमध्ये, गॉलवेच्या समुद्रकिनारी उभे आहात. ओहोटी लागली आहे. चिखलात ब्रेंट हंस चरताहेत. ते कॅनडाच्या अगदी उत्तरेकडून इथे हिवाळा काढायला येतात, म्हणून त्यांना पाहून नवल वाटत नाही. पण पाण्यावर तो पांढरा, लांब पंखांचा पक्षी कोण? तो आहे सँडविच टर्न. त्याचे बहुतेक भाऊबंद कधीच आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघून गेले. हा मात्र इथेच रेंगाळला आहे.

असं का होतं? पक्ष्याला थंडीपेक्षा उपासमारीची भीती जास्त असते. चिखल गोठला की चोच आत जात नाही. हिवाळा सौम्य असला, मासे आणि किडे मिळत राहिले, तर लांबचा प्रवास कशाला करायचा? याची दुसरी बाजूही आहे बरं का. जर्मनी, नेदरलँड्सचे किनारे आता पूर्वीइतके गोठत नाहीत. म्हणून आयर्लंडला येणारे काही पक्षी वाटेत तिथेच थांबतात. म्हणजे सौम्य हिवाळ्यात एखादा पक्षी इथून जात नाही, आणि एखादा इथे येतच नाही!

पण थांबा. हा पक्षी रेंगाळला, असं आपण कशावरून म्हणतो? तो एरवी कधी जातो, हे माहीत असेल तरच ना! त्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं तारखा लिहून ठेवाव्या लागतात. आयर्लंडमध्ये हे काम ज्यांनी चिकाटीनं केलं, त्यांत एक नाव मोठं आहे: रिचर्ड मॅनलिफ बॅरिंग्टन.

बॅरिंग्टन यांचा जन्म १८४९ साली झाला. त्यांचं घर फॅसरो इथे, ब्रे गावाजवळ होतं. आज डब्लिनहून ब्रेला लोकल गाडीनं जाता येतं. ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले आणि वकील झाले. पण त्यांचा जीव रमला तो शेतीत, झाडाझुडपांत आणि पक्ष्यांत.

त्यांना एक प्रश्न पडला होता. पक्षी कधी येतात, कधी जातात आणि कोणत्या वाटेनं? पक्षी तर रात्री समुद्रावरून उडतात. तेव्हा तिथे जागं कोण असतं? दीपगृहाचे रखवालदार! त्या काळी रात्रभर दिवा सांभाळायला माणसं लागत. धुक्याच्या, अंधाऱ्या रात्री वाट चुकलेले पक्षी त्या दिव्याकडे ओढले जात. काही काचेवर आपटून मरतही.

ब्रिटिश असोसिएशन या संस्थेनं पक्ष्यांच्या प्रवासाचा अभ्यास सुरू केला होता. आयर्लंडचं काम बॅरिंग्टन आणि त्यांचे जाणकार मित्र अलेक्झांडर मोर पाहू लागले. दीपगृहांना आणि दीपनौकांना छापील तक्ते पाठवले गेले. तारीख, वेळ, वारा, हवा, पक्षी: सगळं त्यात भरायचं.

यात एक अडचण होती. रखवालदार काही पक्षितज्ज्ञ नव्हते. एकाच पक्ष्याला दोन गावांत दोन नावं असत. मग चूक कशी टाळायची? बॅरिंग्टन यांनी साधी युक्ती केली. दिव्यावर आपटून मेलेल्या पक्ष्याचा एक पंख आणि एक पाय त्यांनी पोस्टानं मागवला. विचार करा, टपाल आलं, पाकीट उघडलं आणि आतून निघाला पंख! पंखावरून नाव नक्की ठरे. आयर्लंडमध्ये पूर्वी कधी न नोंदलेले पक्षीसुद्धा असे सापडले.

१८८७ नंतर संस्थेची ही पाहणी थांबली. बॅरिंग्टनही तिथेच थांबू शकले असते. पण एका वर्षी पक्षी उशिरा गेला, एवढ्यानं काय कळतं? तो योगायोगही असेल. अनेक वर्षांच्या तारखा शेजारी ठेवल्या, तरच बदल दिसतो. म्हणून त्यांनी आणखी दहा वर्षं, १८९७ पर्यंत, स्वतःच्या पैशानं हे काम चालू ठेवलं. आपण एकटे सगळीकडे पुरणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. १८९६ साली ते काही मित्रांबरोबर अटलांटिकमधल्या रॉकॉल या एकाकी खडकापर्यंत गेले, पण लाटांमुळे त्यांना उतरता आलं नाही. समुद्रावरची खबर समुद्रावर राहणारी माणसंच देऊ शकत होती.

१९०० साली त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात १८८१ पासूनच्या नोंदी आहेत, आणि सुमारे १६०० पंखांची मापंही. १९१५ साली ते वारले.

आता दीपगृहात रखवालदार नाहीत. डब्लिनजवळच्या बेली दीपगृहातली माणसं १९९७ साली निघाली. आयर्लंडमधलं ते शेवटचं. दिवे आपोआप लागतात, पण यंत्र पक्ष्यांची तारीख लिहून ठेवत नाही. ते काम आता किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसांकडे आलं आहे. म्हणजे तुमच्याकडेसुद्धा!

आता तुमची पाळी

१. बॅरिंग्टन यांनी पंख का मागवले? दोन वाक्यांत लिहा.
२. एकाच वर्षाच्या नोंदीवरून बदल का कळत नाही?
३. मुंबईत शिवडीच्या खाडीवर दर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. तिकडे राहणाऱ्या आजीआजोबांना किंवा नातेवाइकांना फोन करून विचारा: यंदा ते कधी दिसले? उत्तर तारखेसकट वहीत लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.