पराभवानंतरचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण

सुरतेलगतच्या उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाची दोन्ही टोके १९५६ ते १९६० या काळात एकाच राज्यात होती. मराठी आणि गुजराती भाषकांच्या त्या द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. दोन्ही भाषकांत असंतोष धुमसत असताना त्यांनी कारभार सांभाळला. १ मे १९६० रोजी उधना गाव गुजरातेत गेले, जळगाव महाराष्ट्रात राहिले. तुटलेला विश्वास सांधण्याचा हा अनुभव पुढे देशाच्या कामी आला.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. पितृछत्र बालपणीच हरपले; आई विठाबाईंनी कष्टाने त्यांना वाढवले. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत होते. सैन्याशी मात्र त्यांचा कधी संबंध आला नव्हता.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करणाऱ्या भारतीय सेनेला अवघ्या अकरा महिन्यांनी हिमालयात चीनकडून दारुण पराभव पत्करावा लागला. कृष्ण मेनन पायउतार झाले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतरावांनी संरक्षण खात्याची सूत्रे स्वीकारली. सेनाधिकारी आणि शासन यांच्यातील दुरावा हेच त्यांच्यापुढील सर्वांत अवघड आव्हान होते. गोवा मोहिमेची धुरा वाहिलेले जनरल जयंतनाथ चौधरी आता लष्करप्रमुख होते. त्यांच्याशी यशवंतरावांनी नियमित विचारविनिमय ठेवला. सेनापतींच्या कामात ढवळाढवळ टाळली.

पराभवाच्या चौकशीचा अहवाल गोपनीय राहिला. तरीही सप्टेंबर १९६३ मध्ये प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि नेतृत्व यांतील उणिवा त्यांनी लोकसभेत मान्य केल्या. सव्वाआठ लाखांचे सैन्य, पर्वतीय तुकड्या आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल असा विस्तार पंचवार्षिक संरक्षण योजनेत आखला गेला.

ती उभारणी पूर्ण होण्याआधीच कसोटी आली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. हवाई दल वापरण्याची परवानगी यशवंतरावांनी तत्काळ दिली आणि त्याच सायंकाळी विमाने झेपावली. पहिल्याच दिवशी चार विमाने गमवावी लागली, पण निर्णयाची जबाबदारी कोणावर ढकलली गेली नाही.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावांचे निधन झाले. पराभूत सेनेला शस्त्रांइतकीच शासनाच्या विश्वासाची गरज असते, हे त्यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीने दाखवून दिले.